नवी घ्यावी की जुनी? आधी ते टोकन थांबवा

वाचकाचं पत्र:

"मी सांगलीत माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. घरात आम्ही दोघं, चौदा आणि दहा वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. आमची २०१३ची वॅगन-आर आता पाचजणांना पुरत नाही. महिन्याला हजारेक किलोमीटर होतात, त्यात पुण्याची एखादी फेरी. हाताशी नऊ लाख रुपये आहेत. यजमानांना नवी कोरी मध्यम आकाराची सेडान हवी आहे. ती ऑन-रोड चौदा लाखांवर जाते, म्हणजे पाच लाखांचं कर्ज. माझ्या भावाने पुण्यातल्या एका डीलरकडची होंडा सिटी सुचवली आहे: जानेवारी २०२२ची, वरचं ऑटोमॅटिक मॉडेल, ४८ हजार रनिंग, एमएच-१२ पासिंग, एकच मालक. किंमत पावणेदहा लाख सांगतात. डीलर म्हणतो, पंचवीस हजार टोकन आजच टाका, उद्या गाडी राहणार नाही. शेजारीपाजारी म्हणतात, सेडान आता कोण घेतं, एसयूव्ही घ्या. काय करू?" – एक वाचक, सांगली

ताई,

पहिली गोष्ट, टोकन टाकू नका. भावाला आजच फोन करून सांगा. गाडी न बघता, तिचा सर्व्हिस रेकॉर्ड हातात न घेता दिलेले पंचवीस हजार परत मागताना फार त्रास होतो, आणि एकदा पैसे अडकले की माणूस गाडीतले दोष बघायचं टाळायला लागतो. डीलरने फारच धरलं तर एवढंच म्हणा: "तपासणीत गाडी पसंत पडली नाही तर टोकन पूर्ण परत, हे पावतीवर लिहून द्या." लिहून दिलं तर ठीक. नाही दिलं तर ती गाडी गेली तरी चालेल. चार वर्षांच्या सिटी पुण्यात एकदोन नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमचं उत्पन्न, तुमचा वापर आणि घरातली माणसं बघता मी जुनीच्या बाजूने आहे. पण 'जुनी सिटी' असं म्हणून मोकळी होणार नाही. ही एमएच-१२ची जी गाडी तुमच्यासमोर आहे, ती स्वच्छ निघाली तरच. जुन्या गाडीच्या बाबतीत मॉडेलची ख्याती जेमतेम निम्मं सांगते, बाकीचं ती गाडी कुणी आणि कशी वापरली यावर ठरतं.

यजमानांची नव्या गाडीची हौस मला पूर्ण समजते. पण त्यांना एकदा आकडे मांडून दाखवा. बारा लाख एक्स-शोरूमची सेडान घ्या. चार मीटरपेक्षा लांब असल्यामुळे तिच्यावर सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे त्या बारा लाखांत जवळपास ३ लाख ४३ हजार जीएसटीच आहे. त्यावर महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख ४४ हजार. पावणेपाच लाखांहून जास्त रक्कम निव्वळ करापोटी. त्याशिवाय विमा पन्नासेक हजार. (दहा लाखांच्या वर गेलात की शोरूम एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, घेतं. तो मात्र प्राप्तिकर विवरणात वळता होतो, विसरू नका.) पाच लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १० हजार ३८० रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज सव्वा लाखाच्या घरात. आणि गाडी शोरूमबाहेर पडल्यापासून उतरायला लागते. विमा कंपन्या गाडीची किंमत धरतात तेव्हा पहिल्या वर्षाच्या शेवटी १५ टक्के, तीन वर्षं झाली की ४०, चार ओलांडली की ५० टक्के घट धरतात, तीही एक्स-शोरूम किमतीवर. रोड टॅक्स आणि विम्याचे पैसे त्यात कुठेच परत येत नाहीत. प्रत्यक्ष बाजारात सिटीसारख्या गाडीला या तक्त्यापेक्षा बरा भाव मिळतो, तरी वाट तीच.

जानेवारी २०२२च्या गाडीचा रोड टॅक्स पहिल्या मालकाने पंधरा वर्षांचा भरून टाकला आहे, आणि सर्वांत मोठी घटही त्यानेच सोसली आहे. गाडी महाराष्ट्रातल्याच पासिंगची असल्यामुळे तुम्हाला तो कर पुन्हा लागत नाही, फक्त नाव बदलायचं. मिरजेपलीकडे कर्नाटक पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणून कुणी सुचवलं, तर त्या किमतीत इथला रोड टॅक्स, तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि नव्या नंबरासाठीचे हेलपाटे मिळवून मगच तुलना करा. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावाच लागतो.

पावणेदहा हा सांगायचा भाव आहे. तपासणीत टायर, बॅटरी, ब्रेक पॅड यांतलं काहीतरी निघतंच, तेव्हा सव्वानऊच्या आसपास बोलणी थांबायला हरकत नाही. ४८ हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे टायर मूळचेच असतील तर ते बदलायला आले आहेत. सोळा इंची चार चांगल्या टायरांना तीसेक हजार धरा. विमा, नावबदल, एक मोठी सर्व्हिसिंग आणि काही अनपेक्षित मिळून पाऊण लाख वेगळे काढून ठेवा. हे पाऊण लाख गाडीच्या किमतीचाच भाग आहेत असं समजा. कमी पडणाऱ्या रकमेसाठी दीड लाखाचं कर्ज घेतलंत, तर जुन्या गाडीला व्याजदर नव्यापेक्षा चढा असतो. तेरा टक्के धरले तरी तीन वर्षांत व्याज बत्तीसेक हजार होतं. सव्वा लाखाशी त्याची तुलना करा. वॅगन-आर विकून जे येईल त्यात यातलं बरंच भागेल.

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर सगळे एसयूव्हीमागे लागल्यामुळेच जुन्या सेडानचे भाव तुमच्या आवाक्यात आले आहेत. पुढे विकताना हीच गोष्ट तुमच्या विरुद्ध जाईल, पण तुम्ही गाडी आठ-दहा वर्षं ठेवणारी माणसं आहात, वॅगन-आरवरूनच दिसतं. सिटीची डिकी ५०६ लिटरची आहे, पाचजणांचं लग्नाचं सामान झाकण लावून मावतं. हायवेवर सेडान जमिनीला धरून चालते, मागे बसलेल्यांना हेलकावे कमी बसतात.

पण सासूबाईंचे गुडघे. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच, आणि शोरूममध्ये नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही. सेडानची सीट खाली असते. वॅगन-आरमध्ये माणूस खुर्चीवर टेकल्यासारखा बसतो, सेडानमध्ये खाली जावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून निर्णयाआधी त्यांना प्रत्यक्ष गाडीत बसवा. पुण्याला नेणं जमत नसेल तर सांगलीत कुणाकडे तरी याच पिढीची, म्हणजे जुलै २०२०मध्ये बाजारात आलेली सिटी असेल, तिच्यात बसवा. कुणीही हात न देता त्यांना स्वतः बसू द्या, स्वतः उतरू द्या, आणि हे तीन-चारदा करायला लावा. एकदा कुणीही बसतं, त्रास तिसऱ्यांदा उतरताना कळतो. आधी मागे, मग पुढे डावीकडे, सीट पूर्ण मागे सरकवून. पाय बाहेर काढताना दाराच्या उंबऱ्याला घासतो का, उठताना हात कशाचा आधार घेतो, हे बघा. पुष्कळदा पुढची सीट सोयीची पडते. मग मागे तुम्ही आणि मुलं, आणि ही बसण्याची व्यवस्था कायमची. त्या उतरताना कण्हल्या, किंवा "चालेल गं, होईल सवय" म्हणाल्या, तर सेडानचा विचार तिथेच सोडून द्या आणि थोडी उंच गाडी बघा. माझा वरचा सगळा हिशोब त्यापुढे गौण आहे.

गुडघ्यांची परीक्षा पार पडली की गाडीची.

सांगलीकर म्हणून तुम्हाला पुराचं वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२२ची गाडी जुलै २०२१च्या महापुरातली असणार नाही, हे बरं. पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, तेही बघून घ्या. आणि गाडी पुण्याची आहे. २५ जुलै २०२४ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरलं होतं, गाड्या पाण्यात होत्या. मुंबईचे पावसाळे आहेतच. अशा गाड्या धुऊनपुसून, सुगंधी फवारे मारून दूरच्या गिऱ्हाइकाला दाखवल्या जातात, म्हणून हे नीट बघा. सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. नेहमी वापरात येणारा भाग धुतलेला असतो, पण रिळाच्या आतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गढूळ पाण्याची आडवी रेघ राहते, किंवा पट्टा तिथे कडक लागतो. डिकीतली चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि ती ज्या खळग्यात बसते तिथे हात फिरवा: कोपऱ्यात बारीक गाळ, बोल्टवर तांबूस गंज. पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळांवर मोबाईलचा उजेड टाका. चार वर्षांच्या गाडीत सीटखालचे स्क्रू गंजलेले असण्याचं दुसरं कारण सहसा नसतं. गालिचा कडेने उचलून खालचा फोम दाबून बघा. यातलं एकही लक्षण दिसलं तर भाव करत बसू नका, निघून या. पाण्यात गेलेल्या गाडीची वायरिंग दोन वर्षांनीही दगा देते, आणि एअरबॅगची वायरिंगही त्यातच असते.

अपघाताचं मेकॅनिकला कळतं, म्हणून डीलरच्या ओळखीचा नव्हे, तुमचा स्वतःचा मेकॅनिक न्या. दोन-तीन हजार रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च द्या. तो बॉनेटचे बोल्ट पाना लागलेले आहेत का बघेल, डिकीखालच्या आणि दारांच्या कडेच्या सीलंटची रेघ कारखान्यासारखी सलग आहे का बघेल, स्कॅनर लावून साठवलेले एरर वाचेल. तुम्ही काचा बघा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि वर्षाचा संकेत असतो. पाच काचा एका काळातल्या आणि एक वेगळी असेल तर का, ते विचारा. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मूळ टायर म्हणून सांगितलेल्यावर '२३' किंवा '२४' दिसलं, तर एक तर टायर बदलले आहेत आणि मग गाडी ४८ हजारांपेक्षा जास्त फिरली असण्याची शक्यता आहे, किंवा पंक्चर-अपघाताचं काही कारण आहे. दोन्ही शक्यता बोलण्यात घ्या.

रनिंग मीटरवर विसंबू नका. मीटर मागे घेणं अवघड राहिलेलं नाही. गाडीचे आजवरचे सर्व्हिसिंग होंडाच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये झाले असतील तर प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर तिथल्या संगणकावर असतात. ती माहिती परक्याला देत नाहीत, म्हणून मूळ मालकाला किंवा डीलरला सोबत घेऊन जा आणि प्रिंट घ्या. आकडे दर भेटीला चढत गेलेले असावेत, मध्ये वर्षभराची पोकळी नसावी. त्याच कागदावर बघा की गिअरबॉक्सचं, म्हणजे या ऑटोमॅटिकमधल्या पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीचं, तेल कधी बदललं. सीव्हीटी काळजी घेतली तर उत्तम चालते, पण तिची दुरुस्ती खिशाला झेपणारी नसते, त्यामुळे हा मुद्दा मी सोडणार नाही. डीलरला आदल्या दिवशीच सांगा की तुम्ही येण्याआधी गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. थंड इंजिन चालू होतानाचा आवाज ऐकायचा आहे. मग एसी लावून, चौघं बसवून जुन्या कात्रज घाटात न्या. चढावर इंजिनचा आवाज आणि फेऱ्यांचा (आरपीएम) आकडा वाढतोय पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, असं झालं तर गिअरबॉक्स संशयास्पद. उतरून खालून बघा. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, १६५ मिलिमीटर आहे, पाच माणसं बसल्यावर आपल्याकडच्या स्पीडब्रेकरला पोट टेकू शकतं. जुने ओरखडे किती खोल आहेत, ते दिसेल.

कंपनीची मूळ तीन वर्षांची वॉरंटी संपली आहे. पहिल्या मालकाने ती वाढवून घेतली असेल तर तुमच्या नावावर करून घेता येते, ती असेल तर गाडीचं मोल माझ्या दृष्टीने खरोखर वाढतं. पेट्रोलबद्दल एकच: एप्रिल २०२३च्या आधीची गाडी आहे, तेव्हा २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ती चालते का, हे वर्कशॉपमध्येच विचारून घ्या. मायलेज थोडं उतरतं, हे गृहीत धरा. आणि कुणी स्वस्तात जुनी डिझेल सेडान दाखवली तर तुमच्या वापराला ती नको. बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांच्या) डिझेलच्या एक्झॉस्टमधला फिल्टर स्वच्छ राहायला लांब आणि सलग धाव लागते. शाळा, बाजार, शिकवणी एवढ्यात तो तुंबतो.

आता समजा ही गाडी नापास झाली. मग दोन-तीन महिने शोध चालू ठेवा, सिटीबरोबर २०२३च्या पुढची ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टसही बघा. या तिघींना ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत २०२३मध्ये पाच तारे मिळाले आहेत, आणि स्लाव्हियाचा ग्राउंड क्लिअरन्सही जास्त, १७९ मिलिमीटर. मात्र ड्युअल क्लच (दोन क्लचचा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली जुनी गाडी वॉरंटी शिल्लक असेल तरच घ्या. मारुती सियाझचं उत्पादन २०२५मध्ये थांबलं. गाडी साधी आणि टिकाऊ, सांगलीत कुठलाही मेकॅनिक तिला हात लावील, पण पुढे विकताना भाव पडेल, तेव्हा घेतानाच तो पाडून घ्या.

एवढं करूनही मनाजोगती मिळाली नाही, किंवा यजमानांचं मन जुन्यात रमतच नाही, तर नवी घ्या. पण नऊ लाखांच्या जवळ राहणारी घ्या. नवी डिझायर चार मीटरच्या आतली आणि बाराशे सीसीची असल्यामुळे तिच्यावर १८ टक्केच जीएसटी आहे, सुरक्षेला पाच तारे आहेत. मागची सीट सिटीएवढी रुंद नाही, डिकी लहान, तिघं मागे बसले की चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तक्रार करील. तरीही तुमच्या पगारातून पाच वर्षं दरमहा दहा हजार जाण्यापेक्षा मी ती तक्रार पत्करीन. मोठं मूल दहावीच्या उंबरठ्यावर आहे, शिकवण्यांच्या फिया सुरू होतीलच. एकच करू नका: कर्ज काढून मोठ्या सेडानचं सर्वांत खालचं मॉडेल. त्यात पैसा मोठ्या गाडीचा जातो आणि ज्या सोयींसाठी मोठी गाडी हवी होती, त्याच नेमक्या मिळत नाहीत.

कागदांचं यजमानांवर सोपवा, पण स्वतः वाचा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बाकी ई-चलानं बघा आणि ती विकणाऱ्यालाच भरायला लावा. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही हवी, डीलरची नव्हे. आरसी तुमच्या नावावर कधी होणार याची तारीख लेखी घ्या आणि तोवर पंचवीस-तीस हजार रोखून ठेवा. विमा नावावर करायला चौदा दिवसांच्या आत अर्ज करा. पहिल्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुमचा स्वतःचा वॅगन-आरवरचा बोनस मात्र तुमचाच आहे: ती विकताना विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या, तीन वर्षं चालतं, आणि नव्या पॉलिसीत पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. नवी गाडी घेतलीत तरी चालतं. शोरूमवाले हे आपणहून सांगत नाहीत.

वॅगन-आर देताना घाई करू नका. पैसे मिळाले म्हणून किल्ली दिली आणि आरटीओत नाव तुमचंच राहिलं, तर उद्या तिचा अपघात झाल्यावर नोटीस तुमच्या घरी येते. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्याच्या आधार आणि पॅनची प्रत, तारीख-वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट आणि सही केलेल्या फॉर्म २९ची प्रत स्वतःजवळ ठेवा. नाव बदललं का, हे त्याच एम-परिवहनवर महिनाभराने बघा. बदललं नसेल तर घेणाऱ्याच्या मागे लागा आणि आरटीओत लेखी कळवून पोच घ्या.